वन्संचा जप

आख्ख्या दिल्लीत बायकांच्या हनुवट्या माझ्या नणंदेइतक्या कुणी पाहिल्या नसतील. लग्नाला गेलो की बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघायच्या, कुणी शालूचा काठ बघायची, वन्सं नवरीची हनुवटी बघायच्या. मग नवरीच्या आईची, मग मावशीची, आत्याची. मांडवातून बाहेर पडायच्या आत माझ्या कानाशी लागून निकाल द्यायच्या, "बापाकडून आलंय. पंचविशीत दिसायला लागेल." मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल, वन्सं, लोकांच्या तोंडाकडे असं टक लावून बघू नये, एखादी कानफटात मारेल. त्यावर त्या म्हणायच्या, "हात लावते का मी? डोळे बघायलाच दिलेत देवानं."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा नवरा फौजेत हवालदार होता, तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी चार महिने ठेवून घेतलं आणि पाचव्या महिन्यात भावाकडे पाठवून दिलं. भाऊ, म्हणजे माझा नवरा, तेव्हा दिल्लीच्या छावणीत होता. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. एक पत्र्याची ट्रंक घेऊन त्या साताऱ्याकडून आल्या त्या आल्याच. क्वार्टर बदलली, माझा नवरा रिटायर झाला, गेला, मुलानं नोएडात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि ट्रंक आमच्याबरोबर फिरत राहिली. हिशोबच केला तर नवऱ्यापेक्षा मी नणंदेबरोबर जास्त वर्षं काढली. हे मी काही कौतुकानं सांगत नाही. त्या सातवी शिकलेल्या, मी चौथी. हे तीन वर्गांचं अंतर त्यांनी मला एक दिवस विसरू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायच्या, "वैनी, चौथीत एवढंच शिकवतात."

त्यांच्या हजार खोडी होत्या. घरात कुठंही बसल्या तरी उजेडाकडे पाठ करून बसायच्या, मग समोर टीव्ही नसला तरी चालेल. फोटो काढायची वेळ आली की पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायच्या. आमच्या घरच्या प्रत्येक फोटोत एक बाई दात दुखत असल्यासारखी उभी आहे, त्या वन्सं. आणि भूगोल त्यांचा स्वतःचा होता. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात बसलो की त्यांची शाळा भरायची. पंजाबच्या बायका, हरियाणाच्या बायका, बंगालच्या, केरळच्या, सगळ्यांच्या ओठांवरून आणि हनुवटीवरून त्यांची नजर फिरायची. "पंजाबात पीक चांगलं. केरळात डोक्यावरही आणि ओठावरही. आणि ही मणिपूरची पोर बघ, वाटी घासून ठेवल्यासारखं तोंड. नशीब काढलंय." माझं माहेर वाईकडचं, पण माझ्या तोंडावर लव म्हणून नाही. हा त्यांना आमच्या कुळाचा कमीपणा वाटायचा. "तुझ्या माहेरची जमीनच हलकी," म्हणायच्या.

हे सगळं कुठून आलं याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. पानिपत. वन्संच्या मते त्यांच्या माहेरचा कुणी मूळपुरुष पानिपतावरून जिवंत परत आला आणि येताना तिकडची बायको घेऊन आला. दाट भुवया, ओठावरची लव आणि तापट स्वभाव, हे तिघं त्या बायकोबरोबर घरात शिरले. पुरावा विचारला तर म्हणायच्या, "माझ्या आजीला बघायला हवं होतंस." दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीवरून बस गेली की हात जोडायच्या, हा हिंदूरावही आपलाच, ग्वाल्हेरहून आलेला मराठा सरदार, म्हणून. एकदा आम्ही चादरी आणायला पानिपतला गेलो. दुकानात गल्ल्यावर मालकाची म्हातारी बसलेली, दांडगी, हनुवटीवर चार पांढरे केस झुलत होते. वन्संनी चादरीकडे बघितलंसुद्धा नाही. गल्ल्याशी जाऊन म्हणाल्या, "माताजी, आप हमारी तरफ की हो क्या?" म्हातारी म्हणाली, "ना जी, हम तो यहीं के।" वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खटला जिंकला. "बघ. इथलेच. म्हणजे इथूनच आलं." मी म्हटलं, चादर निळी घ्यायची की हिरवी ते सांगा आधी.

पण वन्संची मोठी खूण म्हणजे जप. सकाळी साडेपाच ते सहा. खोलीचं दार लावून. त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी दार वाजवायचं नाही, हा नियम माझ्या नवऱ्यानं घातला, मुलानं पाळला, सुनेनं पुण्याहून आल्या आल्या शिकून घेतला. नात लहान असताना दाराबाहेर चवड्यांवर चालायची. सोसायटीतल्या बायकांना सून अभिमानानं सांगायची, आमच्या आत्यांचा जप एक दिवस चुकला नाही, तापात नाही, करोनात नाही.

जप कसला ते मला माहीत होतं. त्या आल्या त्या पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, छावणीतल्या क्वार्टरमध्ये. दाराची कडी सैल होती. लू सुटली होती, सकाळीच गरम वाऱ्याचा झोत आला आणि दार सताड उघडलं. वन्सं जमिनीवर बसलेल्या, पुढे ट्रंकेवर आरसा, हनुवटीला आणि ओठाला साबणाचा फेस आणि हातात मेलेल्या नवऱ्याचं दाढीचं रेझर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दार ओढून घेतलं आणि परत उघडू नये म्हणून बाहेरून एक वीट लावली. सहा वाजता त्या बाहेर आल्या, वीट पायानं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "या क्वार्टरची दारं नीट लागत नाहीत." मी म्हटलं, "नाही लागत." संपलं. त्या दिवसापासून वाण्याच्या यादीत मी ब्लेडचं एक पाकीट जास्त लिहायला लागले. नवरा गेला, मुलगा मशिनीनं दाढी करतो, तरी यादीत ब्लेड राहिली. सुनेनं एकदा विचारलं, आई, ब्लेड कशाला? शिवणाला, म्हटलं. चाळीस वर्षांत मी एक बटण लावलेलं नाही.

आणि त्या लोकांच्या हनुवट्या का बघतात तेही मला त्या दिवशीच कळलं. आपल्यासारखी आणखी कोण आहे ते बघत होत्या. दुसरं काय.

हे असंच चालू राहिलं असतं आणि दोघी म्हाताऱ्या हे बरोबर घेऊन गेलो असतो. पण नात होती. सई. करोनात सगळ्या जगानं मास्क लावला, मग सगळ्या जगानं काढला, सईनं काढला नाही. शाळेत मास्क, लिफ्टमध्ये मास्क, घरी पाहुणे आले तर मास्क. जेवताना पाठ फिरवून जेवायची. आधी आम्हाला वाटलं, पोरगी जंतूंना भिते. मग एक दिवस तिच्या वर्गातल्या पोरानं गेटवरच हाक मारली, "और भाईसाब, क्या हाल?" ती वर आली ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. सून तिला पार्लरमध्ये न्यायची, दोऱ्यानं ओठ साफ करायची, आठ दिवसांत काळे ठिपके परत. रेझरला हात लावायचा नाही, दाट होतील, अशी सुनेची ताकीद.

त्यात सईला फौजेत अफसर व्हायचं होतं. आता मुलींनाही बारावीनंतर घेतात. माझा नवरा नायब सुभेदार, वन्संचा हवालदार, आमच्या घरात अफसर कुणी झालेला नव्हता. पोरीनं लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात काढली. मुलाखतीचं पत्र आलं. पाच दिवस तिथं राहायचं, इतर मुलींबरोबर एका खोलीत. सईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मी नाही जाणार. तिथे मास्क चालत नाही." सून रडली, मुलगा ओरडला. पोरगी हलली नाही. तिचा हट्ट कुणाचा होता ते सांगायला नको.

सुनेनं डॉक्टर गाठली. बाई मोठी शांत होती. मीही गेले होते बरोबर. तिनं सईला पाळीचं विचारलं, केस कधीपासून ते विचारलं, मग म्हणाली, "घर में और किसी को है? माँ की तरफ, पापा की तरफ?" सुनेनं आपली आई आठवली, बहीण आठवली, मग माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाली, "नहीं डॉक्टर, किसी को नहीं।" मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. गुपित माझं नव्हतं. पन्नास वर्षं वीट लावून ठेवली होती, ती उचलायला हात जाईना.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. सगळं ठीक आलं. सून पेढे वाटेल इतकी खूश. सई मात्र गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काहीच नाही सापडलं. म्हणजे मी अशीच आहे. घरात कुणीच नाही, मी एकटीच." तेव्हा माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या जपापायी पोरगी तोंड झाकून बसलीय."

त्यांचा हात थांबला. शेंग बाजूला ठेवून म्हणाल्या, "वीट तूच लावली होतीस ना?"

"मीच. दुसरं कोण होतं घरात?"

"मला वाटलं होतं, तुला दिसलं नसेल."

"मला डोळे आहेत. चौथीत तेवढं शिकवतात."

त्या उठल्या, मटार तसेच टाकून खोलीत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी नणंद गमावली. तिसऱ्या दिवशी साडेपाचला उठून बघते तर खोलीचं दार उघडं. वन्सं खाटेवर बसून चहाची वाट बघत होत्या. "आज जप नाही?" मी विचारलं. "नाही. उद्याही नाही," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलानं चहाच्या कपावरून आत्याकडे बघितलं आणि फोनमध्ये तोंड घातलं. चौथ्या दिवशी सून मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, आत्यांना काहीतरी होतंय. त्यांच्या चेहऱ्यावर…" मी म्हटलं, काही होत नाही, उगवतंय. वन्सं पदर खाली सोडून घरभर फिरत होत्या. खुर्ची उचलून खिडकीत ठेवली, तोंड उजेडाकडे. हनुवटीवर पांढरा खुंट चमकायचा, ओठावर बारीक चंदेरी मिशी. सई बघायची, नजर वळवायची, परत बघायची. विचारायचं धाडस तिला होईना, आणि वन्सं आपणहून बोलेनात.

आठव्या दिवशी आम्ही तिघी लिफ्टनं खाली निघालो. पाचव्या मजल्यावर तिथली एक बाई आत आली, तोंडाला चांगली रंगरंगोटी केलेली. वन्संकडे बघितलं आणि राहवेना तिला. "माताजी, बुरा मत मानना, आपके चेहरे पे…"

"हाँ, मूँछ है," वन्सं म्हणाल्या. "आपकी कहाँ गई?"

बाईचा हात आपोआप ओठावर गेला. तिसऱ्या मजल्यावर उतरली, तिचं काम तळमजल्यावर असणार. मास्कच्या आत सईचा कसलासा आवाज आला. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती, लिफ्टच्या भिंतीला टेकून. मग हसता हसता तिनं विचारलं, "आत्याआजी, किती वर्षांपासून?"

"तुझ्या एवढी होते तेव्हापासून. माझ्या आजीला होते. तुझ्या आजोबांच्या कानांवर जंगल होतं, विचार तुझ्या आजीला. हे आपल्या घरचं आहे, बाहेरून नाही आणलेलं."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

वन्संनी पदर खांद्यावर सारखा केला. "लाज वाटली," म्हणाल्या. "आता नाही वाटत. आता डॉक्टरीणबाईकडे चल."

दवाखान्यात त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच हनुवटी पुढे केली. "आपने पूछा था, घर में किसी को है? देख लो. बच्ची के दादा की बहन हूँ." डॉक्टर उठून आली, दिव्याखाली नीट बघितलं, कधीपासून, पाळी कशी होती, आणखी कुणाला, सगळं विचारलं. मग वन्संनी पानिपत सुरू केलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, हसू आवरलं आणि म्हणाली, पानिपताचं मला माहीत नाही, पण घराण्याचं बरोबर आहे. तिनं सईला समजावून सांगितलं ते मला माझ्या बुद्धीनं असं कळलं, की पुरुषांचं म्हणतात ते हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. काही घराण्यांच्या कातडीला तेवढंही पुरतं, केस जाड होऊन उगवतात. आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं. काही मुलखांत बायकांना हे जास्त, आपल्याकडे बऱ्याच जणींना, चीन-जपानकडे फार कमी. म्हणून एका ठिकाणी जे चारचौघींसारखं, ते दुसरीकडे जगावेगळं दिसतं. "मग एवढं रक्त कशाला काढलंत पोरीचं?" वन्संनी मध्येच तोंड घातलं. डॉक्टर म्हणाली, टेस्ट तर करायलाच हव्या होत्या. केस एकाएकी वाढले, पाळी बिघडली, तर ते घराण्यावर ढकलून बसायचं नाही. सईला तसं काही नव्हतं. आता काढायचे की ठेवायचे, कशानं काढायचे, हे तिनं ठरवायचं.

"रेझरनं दाट होतात?" सईनं विचारलं.

डॉक्टरच्या आधी वन्संच बोलल्या. "साठ वर्षं झाली मला. होते तेवढेच आहेत. उलट आता पिकले."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी सईला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. मी बाहेर चहा गाळत होते. गरम पाण्याचा फडका आधी, फेस नंतर, केस जिकडे वळतात तिकडेच हात, हे सगळं मला ऐकू येत होतं. जवानाला बंदूक खोलायला शिकवतात तशा शिकवत होत्या. मध्येच सई ओरडली, "आत्याआजी, हे रेझर म्युझियममध्ये ठेव." सहाला दोघी बाहेर आल्या. पोरीच्या तोंडावर मास्क नव्हता. सुनेनं तिला बघितलं आणि पोळी तव्यावर जळू दिली.

सई मुलाखतीला गेली. पाचव्या दिवशी परत पाठवलं, निवड झाली नाही. सुटकेस दारात ठेवून सोफ्यावर पडली. वन्संनी पाणी दिलं आणि विचारलं, "कशामुळे?"

"ग्रुपमध्ये कमी बोलले. बाकीच्या मुली तुटून पडायच्या."

"केसांमुळे नाही?"

"नाही. केसांचं कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मग परत जा. बोलायला शिकून जा. या घरात बोलायला शिकवणाऱ्या दोघी आहेत."

ती परत गेली, पण तयारीनं. सहा महिने आम्ही दोघींनी तिच्याशी रोज भांडण काढलं, वीज वाचवावी की नाही, मुलींनी रणगाडा चालवावा की नाही, कशावरही. तिनं वन्संना गप्प केलं त्या दिवशी मी म्हटलं, आता होतंय. झालं. आता ती पुण्याकडे ट्रेनिंगला आहे. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, आत्याआजी, माझ्या मजल्यावर आणखी दोघी निघाल्या, एक रोहतकची, एक कोल्लमची. तिघी मिळून एक आरसा वापरतो. वन्संनी फोन ठेवून मला विचारलं, "कोल्लम म्हणजे केरळच ना?" आणि समाधानानं मान हलवली.

मागच्या थंडीत वन्संना बारीकसा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, भांडणही वाचलं, पण उजवा हात थरथरतो. रेझर धरवत नाही. आता साडेपाचला मी पाणी गरम करून आणते आणि त्यांची दाढी करते. दार लावत नाही. मला गुडघ्यांनी उठबस होत नाही, सुनेला हाक मारावी लागते, म्हणून दार उघडंच ठेवतो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "हळू, वैनी, ही काय कोथिंबीर नाही." मी म्हटलं, जमीन भारी आहे तुमची, वेळ लागणार.

आज सकाळी मी फेस केला, ब्रश हनुवटीला लावणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"आज नको. उद्याही नको. शनिवारी पोरगी येतेय ना सुट्टीला."

"मग?"

"आल्या आल्या तिला माझ्या खुंटांवर गाल घासायचा असतो. मागच्या खेपेला म्हणाली, साफ असलं की तुझी हनुवटी दुसऱ्या कुणाची तरी वाटते."

मी ब्रश वाटीत ठेवला. फेस हळूहळू बसत गेला. मग खाट थोडी सरकवून दिली, त्यांना हवी होती तशी, आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.